नाक्यावर थांबलेली पेटी

आजार घरात यायच्या आधी आमचं घर सुखात होतं, असं मी लिहिणार नाही. आजारी माणसं तसं लिहितात आणि सगळा दोष आजारावर टाकून मोकळी होतात. आमच्याकडं ओढाताण आधीपासूनच होती. दोन खोल्या, वर पत्रा, पाणी सार्वजनिक नळाचं. आई हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला जायची. तिच्या बोटांचा पिवळेपणा कशानंच जायचा नाही, भाकरीलाही लागायचा. माझ्या पाठची दोन भावंडं वर्षाची व्हायच्या आत गेली. काय झालं होतं ते आईला आजही सांगता येत नाही. "ताप आला आन् गेली," एवढंच म्हणते. औषध गावात मिळालं नाही, हेही सांगते, पण तक्रारीच्या सुरात नाही. यंदा विहिरीला पाणी कमी आहे म्हणावं, तसं.

वडील, म्हणजे आप्पा, नगरपालिकेच्या जकात नाक्यावर शिपाई होते. आताच्या मुलांना जकात समजावून सांगावी लागते. बाहेरून गावात विकायला येणाऱ्या मालावर नगरपालिका कर घ्यायची. कडेगावकडून येणाऱ्या रस्त्यावर आमचा नाका. गाडी थांबायची, कारकून मालाचं बिल बघून पावती फाडायचा, मग आप्पा आडवा बांबू वर करायचे. काम एवढंच. पण त्याचा आप्पांना केवढा अभिमान होता, ते कळायला आजोबांचं ऐकावं लागेल. आजोबा धर्म बदलून बौद्ध झालेल्या पिढीतले. त्याआधी मेढ्याकडच्या त्यांच्या गावात वेशीच्या आत यायला त्यांना विचारावं लागायचं. त्यांचा मुलगा आता खाकी कपडे घालून गावाच्या तोंडाशी उभा होता, आणि सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याचा ट्रकसुद्धा त्याच्या बांबूपुढं थांबत होता.

"पावती न्हाई तर बांबू न्हाई," असं आप्पा म्हणायचे. ओळखीच्याला, भावकीतल्याला, सगळ्यांना तेच. एकदा सख्ख्या मामानं दोन तेलाचे डबे तसेच सोडायला सांगितले. आप्पांनी त्याला अर्धा तास उन्हात बसवला आणि पावती फाडायला लावली. मामा पुढं दोन वर्षं आमच्याकडं जेवला नाही.

मी सातारच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या वस्तीत पहिली. आप्पांनी नाक्यावर पेढे वाटले. ट्रकवाल्यांना थांबवून म्हणत होते, "आवं, पावतीचं मागनं बघू. आमची शालन बी.ए. झाली, आदी पेढा खावा."

निदान

मला गावातल्याच हायस्कूलमध्ये तात्पुरती लिपिक म्हणून नोकरी लागली. नव्वद साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. पहिल्या तीन महिन्यांत माझ्या झंपरांच्या बाह्या सैल पडल्या. तहान तर अशी, की ऑफिसातला माठ मी एकटी संपवायची. हेडमास्तर म्हणाले, "शालनबाई, उद्यापासून तुमच्या टेबलाला नळच बसवून देतो." मीही हसले. चौथ्या दिवशी जिन्यात पडले.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी लघवी आणि रक्त तपासलं आणि तिघांना समोर बसवलं.

"रोज इंजेक्शन घ्यावं लागेल. दोन वेळा."

आई म्हणाली, "घेईल की. किती दिस?"

"रोज, मावशी."

"व्हय, रोजच. पण किती दिस?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "कायमचं."

आप्पांनी वेगळंच विचारलं. "सायेब, आमच्या घरात साखर कवा पोटभर आलीच न्हाई. मंग हिला साखरंचा आजार कसा झाला?" त्यांना खरंच कळत नव्हतं. साखर म्हणजे शेटजींचा आजार, अशीच आमच्याकडं समजूत. वस्तीतही तेच झालं. शेजारीण म्हणाली, "बी.ए.चं लय पेढं खाल्लं असतील." ती गमतीनं म्हणाली. मला लागलं.

निदानाच्या दिवशी मी रडले नाही. परतीच्या एसटीत मी फक्त एकच हिशोब करत होते, की आता मला कुठल्याही गावी एक रात्रसुद्धा सुई आणि बाटलीशिवाय राहता येणार नाही. लग्नाचं बोलणं चाललं होतं. ते लोक पुन्हा आले नाहीत, आणि का आले नाहीत हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

रोजचं

हे ज्यांना नवीन लागलंय त्यांच्यासाठी लिहिते. सुई टोचायची भीती पंधरा दिवसांत जाते. बाकीचं जात नाही.

तेव्हा काचेची सिरिंज असायची. रोज पातेल्यात उकळायची. लघवी तपासायला काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थोडे थेंब टाकायचे आणि स्टोव्हवर धरायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर फार. आप्पांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण ही परीक्षा त्यांनी स्वतःकडं घेतली. ड्यूटीवर जाताना नळी उजेडाला धरून बघायचे. "हिरवं हाय. पास," म्हणायचे आणि सायकलवर टांग टाकायचे.

इन्सुलिनची बाटली थंडाव्याला ठेवावी लागते. आमच्याकडं फ्रीज नव्हता. चालू बाटली पिशवीत बांधून माठाच्या पाण्यात सोडायची. बाकीच्या बाटल्या औषधदुकानवाल्या चौगुले काकांच्या फ्रीजमध्ये. काका जैन, मूळचे सांगलीकडचे, तिकडं त्यांच्या भावांची अजून शेती होती. बोलायला कडक, पण माझं नाव लिहिलेला डबा त्यांनी कधी हलवला नाही. त्याच फ्रीजमध्ये दुसरा डबा ताराकाकूंचा. त्या पेठेत शिलाई करायच्या, पन्नाशीच्या, आजार माझाच. आम्ही दोघी एकाच वेळी बाटली न्यायला गेलो की त्या म्हणायच्या, "आली बघा माझी सवत. चौगुले, दोगींना सारकं वागवा बरं का."

काका कपाळावर हात मारायचे. "तुमच्या दोघींपायी माझं दुकान बंद पडंल."

ते खोटं नव्हतं. आमच्या बाटल्यांना गिऱ्हाईक आम्ही दोघीच. सांगलीहून मागवायच्या, बर्फात घालून आणायच्या, नाक्यावर जकात भरायची. आणि बिलावर विक्रीकर वेगळा. एकदा मी भांडले. "औषधावर कसला कर घेता? मी काय हौसेनं टोचून घेते?"

"माझ्यावर का ओरडतीस?" काका म्हणाले. "विक्रीकर मुंबईचं सरकार घेतं. तिथं तुझा-माझा आवाज पोचत न्हाई. जकात मात्र गावाची हाय. ती घेणारी माणसं रोज माझ्या दुकानापुढनं जात्यात." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् तुझा बापच बांबू धरतो."

पेटी

त्या उन्हाळ्यात सांगलीहून आमची पेटी शनिवारी दुपारी टेम्पोनं आली. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फात चार बाटल्या, दोन माझ्या, दोन ताराकाकूंच्या. बरोबर बिल यायचं राहिलं होतं. कारकुनानं सांगितलं, बिल नाही तर किंमत धरता येत नाही, किंमत नाही तर पावती नाही. पेटी उतरवून टेम्पो गेला. रविवार आणि सोमवारची सुट्टी. चौगुले काका पुतणीच्या लग्नाला शिरोळकडं, दुकान मंगळवारपर्यंत बंद. पेटी नाक्याच्या पत्र्याच्या कोठीत ठेवली. कोठीची किल्ली आप्पांकडं.

पेटीवर दुकानाचं नाव होतं. आत काय आहे ते आप्पांना माहीत होतं. शनिवारी संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मला विचारलं, "तुजी बाटली कवापतुर पुरंल?"

"मंगळवारपर्यंत."

"मंग झालं," म्हणाले आणि जेवायला बसले.

पेटी सायकलला लावून घरी आणली असती तर कुणी विचारलं नसतं. आमच्या माठात चार बाटल्या मावल्या असत्या. आप्पांनी आणली नाही. त्याऐवजी एक पोतं भिजवून पेटीवर टाकलं. तीन दिवस, सुट्टी असूनही, दर तासाला जाऊन त्यावर पाणी शिंपडत होते. वर पत्रा आणि बाहेर एप्रिलचं ऊन. मंगळवारी बिल आलं, पावती फाटली, बांबू वर झाला. पावतीवर तारीख मंगळवारची. काकांनी पेटी उघडली तर बर्फाचं पाणी झालेलं. "उन्हाळा हाय, वाटंत विरघळलं असंल," म्हणून त्यांनी बाटल्या फ्रीजमध्ये लावल्या.

इन्सुलिन खराब झालं तरी दिसायला तसंच दिसू शकतं. हे मी मुद्दाम लिहिते. वासही येत नाही. मी रोज टोचत होते आणि नळी रोज विटकरी होत होती.

आई म्हणाली, "काय तरी चोरून खातीस तू."

"नाही खात."

"मंग काय हवा खाऊन साखर वाढली?" तिनं गुळाचा डबा वखारीत नेऊन ठेवला. माझी शाळेची पिशवी तपासली. बी.ए. झालेल्या मुलीची पिशवी आई तपासते आणि मुलगी बाजूला उभी राहते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिते. आप्पा नळी उजेडाला धरायचे आणि खाली ठेवायचे. पास म्हणायचे बंद झाले.

पंधराव्या की सोळाव्या दिवशी मला उलट्या सुरू झाल्या. श्वास धापा टाकल्यासारखा. सांगलीला नेईपर्यंत मला फक्त टेम्पोची ताडपत्री आठवते.

दवाखाना

तिसऱ्या दिवशी मी शुद्धीत होते. दवाखान्यातले दिवस सगळे सारखेच. पहाटे रक्त काढायला येतात, मग झाडणारी येते, मग डॉक्टरांची फेरी, मग काही नाही. दुपारी मोठ्या नर्स माझ्या उशाशी दोन मिनिटं बसायच्या आणि न विचारता माझे केस विंचरायच्या. आई ते करू शकत नव्हती. ती माझ्याकडं बघतच नव्हती.

फेरीला डॉक्टरांनी विचारलं, "बाटल्या ठेवता कुठं?" मी माठाचं सांगितलं, फ्रीजचं सांगितलं. "त्याआधी कुठं उन्हात पडल्या होत्या का? गरम झाल्या तर औषधाची ताकद जाते."

आप्पा कॉटच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी टोपी काढली.

"तीन दिस माज्या कोठीत हुत्या," म्हणाले. "मी वरनं पाणी मारत हुतो, सायेब."

आई उठली आणि व्हरांड्यात गेली. बऱ्याच वेळानं परत आली आणि माझ्या कपाळावर तिचा तो पिवळा हात ठेवला. आप्पांशी ती त्यानंतर दोन महिने बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताट सरकवून.

मी त्यांना काय म्हणायचं? मला राग होता. अजूनही कधीकधी येतो. पण ज्या माणसाला सगळं गाव आयुष्यात पहिल्यांदा नियमानं वागवत होतं, त्याला तो नियम आपल्या घरासाठी मोडता आला नाही, हेही मला तिथं पडल्या पडल्या कळत होतं.

घरी आले तेव्हा चौगुले काकांच्या फ्रीजमध्ये एकच डबा होता. ताराकाकूंच्या पायाची जखम चिघळली, ताप आला, सांगलीला नेताना वाटेतच गेल्या. जखम आधीची होती. बाटलीमुळंच गेल्या असं कोणताही डॉक्टर लिहून देणार नाही. मीही लिहीत नाही. फक्त त्यांनी टोचलेलं औषध त्याच पेटीतलं होतं.

अर्ज

मी चालू-फिरू लागल्यावर काकांच्या दुकानात आठ-दहा जण जमलो. मिरगीच्या गोळ्या खाणारे एक निवृत्त सुभेदार होते, हृदयाच्या आजाराची मुलं असलेल्या दोन बाया होत्या. सगळ्यांचं एकच मत, औषधावरचा कर काढा म्हणून नगरपालिकेला अर्ज द्यायचा. लिहायचा कुणी? सगळे माझ्याकडं बघू लागले. सुभेदार म्हणाले, "बी.ए. कशाला झालीस मग?"

अर्ज मी लिहिला. सह्या पेठेत घेतल्या, आमच्या विहारात घेतल्या, जैनांच्या बस्तीबाहेर, म्हणजे त्यांच्या मंदिराबाहेर, उभं राहून घेतल्या. काही जण म्हणाले, "बापाचा पगार जकातीतनं आन् लेक जकात बंद करा म्हणती." मी म्हटलं, "सही करता का पुढं जाऊ?" बहुतेकांनी केली.

नगराध्यक्षांनी अर्ज वरवर वाचला. "विक्रीकराचं आमच्या हातात नाही. सरकारला लिहा."

"जकातीचं लिहिलंय खाली," मी म्हटलं.

शेजारी बसलेले एक नगरसेवक हसले. "चौगुल्याच्या नफ्यासाठी बाई राबत्यात होय? जकातीनं कधी कोण मेलंय का? एक माणूस दाखवा, लगेच ठराव करतो."

मला उत्तर माहीत होतं. ते दिलं असतं तर आप्पांचं नाव द्यावं लागलं असतं. सुभेदार माझ्याकडं बघत होते, त्यांना काही माहीत नव्हतं. मी कागद उचलला आणि बाहेर आले. तशीच घरी आले.

आप्पा दारातच बसले होते. नगरपालिकेतली गोष्ट नाक्यावर पोचायला वेळ लागत नाही.

"काय इचारलं त्यांनी?"

"काही नाही. पुन्हा या म्हणाले."

"खोटं नगं बोलू. कोण मेलंय का, म्हून इचारलं न्हवं?"

मी अर्जाचा कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"लिव्ह," आप्पा म्हणाले.

"आवं आप्पा, नोकरी जाईल. तीन वर्षं राहिलीत तुमची."

"लिव्ह म्हंतो ना. पेटी शनवारी आली, माज्या ताब्यात हुती, मी सोडली न्हाई. तारीख मंगळवारची पडली. पोरगी मरता मरता वाचली, दुसरी बाई गेली. माजं नाव घाल." मग जरा वेळानं म्हणाले, "पर माज्या नाक्याला चोर म्हनू नगंस. मी पैसा खाल्ला न्हाई. नियम पाळला."

आत आई चुलीपाशी होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली. "चहा घेता का?"

मी ते तसंच लिहिलं. त्यांच्या शब्दांत, फक्त शुद्ध करून. खाली आप्पांनी सही केली. ती वळणदार सही त्यांना मीच शिकवली होती, मी सहावीत असताना.

सभा

सर्वसाधारण सभेच्या दिवशी आप्पा रजा टाकून आले, पण खाकी कपड्यांत. प्रेक्षकांच्या बाकावर सगळ्यात मागं बसले. नगराध्यक्षांनी निवेदन वाचायला घेतलं आणि मध्येच आवाज उतरवला. तारीख मंगळवारची, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. ज्या नगरसेवकानं माणूस दाखवा म्हटलं होतं, तो मान खाली घालून पेनाचं टोपण उघडझाप करत होता. कुणीतरी ताराकाकूंचं नाव घेतलं. सभेतल्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांनीच शिवलेले होते.

"हा शिपाई हजर आहे का?" नगराध्यक्षांनी विचारलं.

आप्पा उभे राहिले. "हाय, सायेब."

"लिहिलंय ते खरं?"

"व्हय."

बाकी काही विचारलं नाही. आप्पा बसले नाहीत. सभा संपेपर्यंत उभे होते, नाक्यावर उभे राहायचे तसेच.

ठराव त्या दिवशी झाला. वरची मंजुरी यायला पुढचा उन्हाळा उजाडला. मधल्या काळात आप्पांना नोटीस आली, परवानगीशिवाय कार्यालयाविरुद्ध लेखी निवेदन दिलं म्हणून. एक वेतनवाढ रोखली आणि त्यांची बदली पाण्याच्या टाकीवर केली. त्यांचा बांबू दुसऱ्या माणसाच्या हातात गेला. निवृत्त होईपर्यंत ते टाकीवरच होते. कडेगावच्या रस्त्यानं जायची वेळ आली तर सायकल आडरस्त्यानं न्यायचे.

माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. पायाची बोटं बधिर होतात. यातलं किती त्या पंधरा दिवसांमुळं आणि किती आजारामुळं, हे मी विचारणं सोडून दिलंय. रोज सकाळी सुई टोचते. नवीन ज्यांना लागलंय त्यांना एवढंच सांगते, बाटली कुठून आली आणि वाटेत कुठं कुठं थांबली, ते विचारत जा. आपल्याच माणसाच्या हातून आली असली तरी विचारा.

शेवटी मिळालं ते एवढं. आमच्या नगरपालिकेनं सगळ्या औषधांवरची जकात उठवली. विक्रीकर तसाच राहिला. ताराकाकू परत आल्या नाहीत. पण मंजुरी आली त्या उन्हाळ्यापासून औषधाची एकही पेटी आमच्या नाक्यावर थांबली नाही.